जनाबाईंच्या डब्यातला गूळ

हरीचा हात देखणा चालायचा. मिलमध्ये मागावर तुटलेला धागा तो असा जोडायचा, की कापडालाही पत्ता लागत नसे. त्याचा बाप खानदेशातून इंदूरला आला तो मिलच्या भोंग्यामागे, आणि हरी जन्मला तोही त्याच भोंग्याच्या सावलीत. आवाजाला सावली असते का, असं कुणी विचारील. असते. भोंगा थांबला तेव्हा सगळ्या चाळीला ऊन लागलं.

एका सकाळी मिलच्या फाटकावर मिल बंद झाल्याचा कागद चिकटवलेला दिसला. कुणाला विचारलं नव्हतं, कुणाला सांगितलं नव्हतं. हरी फाटकापाशी उभा राहून म्हणाला, "अरे, बैल विकतानासुद्धा माणूस त्याच्या पाठीवरून हात फिरवतो." हे बोल चाळीत म्हणीसारखे फिरले. हरीला त्यांचा अभिमान होता.

मग त्याच्या बायकोनं, सुलोचनानं, चाळीतल्या बाया गोळा केल्या. घरोघरची पातेली एका खोलीत आली आणि जेवणाच्या डब्यांचं काम सुरू झालं. तिथं कुणी मालक नव्हतं. महिनाअखेरी जे उरेल ते सगळ्यांत सारखं वाटायचं. वयानं थोरल्या जनाबाई चुलीपाशी बसून भाकरी थापायच्या. डबे पोचवायला सायकल लागत होती, आणि सायकल हरीकडे होती.

"क्या हरी भिया, कपडा छोड के भाजी?" नाक्यावर पोरं विचारायची.

"कपडा पोटात जात नाही रे," हरी म्हणायचा आणि पायडल मारायचा.

चौऱ्याण्णव साली गणपती बोळवून झाले, आणि सुरतेत प्लेग आल्याची बातमी आली. दोन दिवसांत शहर तोंडाला रुमाल बांधून फिरू लागलं. इंदूरच्या मिला बंद पडल्यावर किती तरी पोरं सुरतेच्या मागांवर गेली होती. ती आता गाड्या भरभरून घरी येत होती. जनाबाईंचा शामही आला. त्याला ना ताप, ना खोकला. आईच्या हातचं पोटभर खाऊन तो झोपला, एवढंच.

पण डबे परत यायला लागले. भरलेले, तसेच्या तसे. "आज रहने दो भिया." "उद्यापासून नको हो." सांजेला बाया ते उघडायच्या आणि आंबूस वास खोलीभर पसरायचा. वाण्यानं पीठ उधार देणं थांबवलं. शेटजीचा धंदा बसला तर शेटजी गादीवर लोळून दिवस काढतो. इथं धंदा बसला की बायांच्या घरच्या चुली विझणार होत्या. आणखी पंधरवडा असाच गेला असता, तर पातेली मोडीत घालावी लागली असती. सुलोचना हिशेब करायची आणि मधेच थांबायची.

अशात मल्हारगंजातल्या अप्पासाहेबांनी, एकट्या राहणाऱ्या त्या निवृत्त कारकुनानं, हरीला दारातच अडवलं. ते गल्लीचे जुने मानकरी. ते जेवले की गल्ली जेवायची.

"खरं सांग हरी. तुमच्याकडे कुणाच्या घरी सुरतेचा माणूस आलाय?"

हरीच्या हातात डबा होता. मागं सायकलवर आणखी डबे लटकत होते. तो म्हणाला, "जनाबाईंचा पोरगा आलाय. पण त्यांना आम्ही काढून टाकलंय, अप्पासाहेब. त्याच दिवशी."

"मग ठीक," म्हणत अप्पासाहेबांनी डबा घेतला. गल्लीतल्या इतर दारांनीही घेतले.

जनाबाई त्या वेळी चुलीपाशी भाकरी थापत होत्या.

दुसऱ्या सकाळी त्या आल्या नाहीत. निरोप आला, "मी काही दिवस घरीच बरी."

"कुणी काही बोललं काय त्यांना?" सुलोचनानं सगळ्यांकडे पाहिलं. हरी सायकलची चेन बसवत होता. चेन कधीच बसली होती. तो बसवतच राहिला.

बायांनी ठरवलं, जनाबाईंचा वाटा चालू ठेवायचा आणि रोज एक डबा त्यांच्या घरीही जाईल. नेणार कोण? हरीच. तो डबा कडीला अडकवून निघून यायचा. सांजेला धुतलेला डबा कडीला असायचा, आणि आत गुळाचा एक खडा. दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करू नये, एवढी जुनी रीत. सुलोचना तो खडा आमटीत टाकायची. ज्यांना जनाबाईंच्या हाताची भीती होती, ते सगळे तीच आमटी बोटं चाटत जेवत होते. हरी मात्र आमटीची वाटी बाजूला सारायचा.

दसऱ्यापर्यंत भीती ओसरली. तोंडावरचे रुमाल खिशात गेले. बायांनी हरीला धाडलं, जनाबाईंना घेऊन या म्हणून. दार उघडंच होतं. हरी उंबऱ्याबाहेर उभा राहिला.

"जनाबाई, मी मल्हारगंजात..."

"ठाऊक आहे हरीभाऊ. त्याच दुपारी कानावर आलं. एवढंसं तर गाव."

"मग बोलला का नाहीत? सगळ्यांदेखत विचारायचं मला."

"विचारलं असतं तर तुम्ही खोटे पडला असता, आणि डब्यांचा धंदा बसला असता. म्हणून तुमचं बोलणं मीच खरं केलं." त्यांनी पदर खोचला. "फक्त एक सलतं हो. येऊन सांगितलं असतंत, तर मी आपणहून घरी बसले असते. फाटकावर कागद लावायची काय गरज होती?"

 हरीला बैलाच्या पाठीवरचा हात आठवला. तो त्याचाच बोल होता.

दुसऱ्या दिवशी तो अप्पासाहेबांच्या दारात डबा हातात धरून उभा राहिला. "जनाबाईंना आम्ही काढलं नव्हतं. मी खोटं बोललो होतो."

अप्पासाहेबांनी डब्याचं झाकण उचलून वास घेतला. "अरे भिया, प्लेग गया, बात गई. आता कोण विचारतंय? तेवढं भाजीत तिखट कमी टाकायला सांग."

उरात वाहून आणलेलं ओझं कुणी उतरवूनच घेतलं नाही. ते घेऊन तो तसाच परतला.

सांजेला सगळे डबे रिकामे आले. जनाबाई चुलीपाशी होत्या. आजवर हरीनं डबे वाहिले होते, पण उष्ट्याला हात लावला नव्हता. तो मोरीवर बसला, राख घेतली आणि पहिला डबा घासायला लागला.

"राहू द्या हो हरीभाऊ, बाया आहेत," जनाबाई म्हणाल्या.

तो घासत राहिला. त्यानं मान वर केली नाही.