ऑर्देलियोच्या खोक्यातला अडॅप्टर

…तर मिग्दालियाचा सेटटॉप बॉक्स तापून तिसऱ्यांदा बंद पडला, तिथवर आलो होतो आपण. होल्गिन शहराच्या बेसबॉल संघाकडून तिचा मुलगा पहिल्यांदाच अंतिम सामन्यात चेंडू टाकणार, आणि इकडे पडदा काळा! शेजारचा म्हातारा ऑर्देलियो, साखर कारखान्यातला जुना वायरमन, संगणकातून काढलेला बारा व्होल्टचा पंखा आणि जुन्या अडॅप्टरांचं खोकं घेऊन धावला. सगळ्यांवरचे आकडे पुसलेले. जास्त व्होल्टचा लावला तर पंखा जळणार, आणि दुसरा पंखा गल्लीत कुणाकडेच नव्हता.

त्यानं बेधडक एक अडॅप्टर उचलला, वायरी पिळल्या, बटण दाबलं. पंखा जागचा हलेना.

"जाळलात ना, काका!" मिग्दालिया किंचाळली.

"ओरडू नकोस गं, वायरी उलट्या लागल्यात." त्यानं त्या फिरवून जोडल्या. पंखा गरगरला, बॉक्स निवला, आणि पडद्यावर तिचा पोरगा टोपी सारखी करताना दिसला.

डोळे पुसत तिनं विचारलं, "आकडा नसताना ओळखलात कसा?"

"तुझ्या नवऱ्याच्या रेडिओचा आहे तो, बारा व्होल्टचाच. रोज पहाटे कोकलायचा मेला, म्हणून दुरुस्तीला आलेला हा अडॅप्टर मी परत दिलाच नाही."