सूचना चित्रात होती

लोक म्हणतात, महापुरातून तुम्हाला दत्त महाराजांनी वाचवलं. मी मान हलवतो, कारण वाचलो हे खरंच आहे. पण आक्काचं नाव निघालं की तीच माणसं विषय पावसावर नेतात. दत्तभक्त मंडळातल्या लोकांनी अनुभव लिहून द्या म्हणून बरेच दिवस धोशा लावला होता. मी टाळत होतो. ज्या कृपेनं माझा हात धरला, तिनं आक्काला अर्ध्यात का सोडलं, हा प्रश्न मनात असताना अनुभव म्हणून काय लिहायचं? शेवटी ठरवलं की तो प्रश्नही सोबत लिहायचा. वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं.

मी कुरुंदवाडचा. नदीच्या घाटाकडच्या सखल गल्लीत आमचं घर आहे. आमच्या घराण्यात डोळ्यांचा आजार रक्तातून येतो. आधी रात्रीचं दिसेनासं होतं, मग बाजूचं, आणि शेवटी सगळंच. आक्का माझ्याहून मोठी, तिचे डोळे आधी गेले, मग माझे. नवरा वारल्यावर ती माहेरी आली ती कायमची. माझं लग्न झालं नाही. साखर कारखान्यात टेलिफोन ऑपरेटर म्हणून नोकरी केली, आवाजावरून माणूस ओळखण्यात आयुष्य गेलं, आणि निवृत्त होऊन आक्काच्या हातची भाकरी आणि बोलणी दोन्ही खात घरी बसलो. दोन आंधळी भावंडं एका घरात म्हटल्यावर लोकांना दया येते. आम्हाला मात्र त्याची गंमत वाटायची. कोण कुणाला धडकलं यावरून आमची रोज भांडणं व्हायची.

आमच्या भागात पुराचं आणि भक्तीचं नातं जरा वेगळं आहे. पावसाळ्यात नदी चढत चढत शेजारच्या वाडीच्या दत्तमंदिरात शिरते, महाराजांच्या पादुकांवरून वाहत दक्षिणेच्या दारानं बाहेर पडते. त्याला दक्षिणद्वार सोहळा म्हणतात, आणि त्या पाण्यात स्नान करायला लांबलांबून माणसं येतात. बाहेरच्याला हे खुळ्यासारखं वाटेल. पाणी वाढलं म्हणून कुणी आनंद करतं का? आम्ही करतो. लहानपणापासून मी वडिलांचा हात धरून त्या पाण्यात उतरलोय. पाण्याची भीती आम्हाला नसते असं नाही, पण ते आधी महाराजांना भेटून येतं, म्हणून त्याच्याशी ओळख असल्यासारखं वाटतं. घर कधी सोडायचं हे तेवढं वेळेवर कळलं पाहिजे, बाकी आम्ही पुराला सरावलेलो आहोत.

आणि हे कळण्याच्या बाबतीत काही वर्षं मी गल्लीत सगळ्यांच्या पुढे होतो. माझ्या फोनमध्ये पडद्यावरचं वाचून दाखवणारी सोय आहे. नदीची पातळी आणि धरणातून सोडलेलं पाणी सांगणारं एक सरकारी पान इंटरनेटवर होतं. साधं, ओळीखाली ओळ लिहिलेलं. दिसायला फार गचाळ होतं म्हणे. मला त्याच्याशी काय करायचंय? माझा फोन ते घडाघडा वाचायचा. सकाळी चहा व्हायच्या आत शेजारीपाजारी ओट्याशी यायचे आणि विचारायचे, काय म्हणतंय पाणी? मी सांगायचो. समोरचे बापू, खताचे व्यापारी, अंगाने आणि आवाजाने दांडगे, ते तर पातळी ऐकल्याशिवाय दुकान उघडायचे नाहीत. आंधळ्या माणसाला विचारून डोळस गल्ली आपला दिवस ठरवायची, याचा मला अभिमान होता. तो थोडा जास्तच होता, हेही सांगून टाकतो.

मग ते पान नवं झालं. देखणं झालं, असं बापू म्हणाले. रंगीत नकाशा आला, कुठे लाल टिंब, कुठे पिवळं, त्यावर बोट ठेवलं की माहिती. रोजची सूचना सही-शिक्क्याच्या कागदाचा फोटो काढून लावायला लागले. माझ्या बोटाखाली फोन म्हणायचा, बटण, बटण, बटण. सूचनेवर बोट नेलं की म्हणायचा, चित्र. चित्रात काय आहे ते त्याला कळत नाही, कारण आत अक्षरं नसतात, अक्षरांचा फोटो असतो. मी पानावर दिलेल्या पत्त्यावर एकदा कळवलं, परत कळवलं. उत्तर आलं नाही. हळूहळू गल्लीचाही एक मोबाईल गट झाला आणि तेच चित्र सगळ्यांना घरबसल्या मिळायला लागलं. ओट्याशी येणं बंद झालं. आमची माणसं इकडून तिकडे ओरडून बोलणारी, साधं मीठ मागायचं तरी चार घरांना ऐकू जायचं. ती आता बोटानं बोलायला लागली.

त्या वर्षी पावसानं उसंत दिली नाही. पत्र्यावर दिवसरात्र असा मारा चालला होता की शेजारच्या खोलीतलं ऐकू यायचं नाही. आक्काला ताप होता. सकाळी ती म्हणाली, पाण्याचा वास बदललाय. मी फोन काढला. पानावर गेलो, बटण, बटण. गटावर गेलो, चित्र, चित्र, आणि त्याच्याखाली कुणाकुणाचे जोडलेले हात. मी गटावर आवाज रेकॉर्ड करून विचारलं की पाणी कुठवर आलंय. कुणी ऐकलं नाही. माणसं सामान आणि जनावरं हलवण्यात होती हे मला नंतर समजलं. बापूंना फोन लावला, तो लागेना. आक्का पलंगावरून म्हणाली, "तुझा मोबाईल मुका झाला व्हय रं?" एरवी मी हसलो असतो.

घर सोडावं की नाही, हे ठरवायचं कशावर? ताप अंगात असलेल्या, गुडघ्यानं अधू बाईला उगाच भर पावसात बाहेर काढायचं आणि पाणी आलंच नाही तर? मी दारात उभा राहून हाका मारल्या. पावसाच्या आवाजात त्या माझ्याच कानाला परत आल्या. मग आत येऊन देवापुढे बसलो. काही मागितलं नाही. फक्त म्हटलं, महाराज, मला कळू दे. त्या दुपारी मला वाचव असं म्हणायचं सुचलं नाही, इतकंच आठवतं.

बराच वेळ गेला. मग गल्लीत स्कूटरची धाप ऐकू आली, ती आमच्या दारापाशी बंद पडली, आणि एका बाईचा आवाज आला. "पावणं, इचलकरंजीकडं जायाचा रस्ता कुठनं हाय? फुडं समदं बंद केलंय." ती कबनूरची होती, यंत्रमागाच्या कारखान्यात कांड्यांवर सूत भरण्याचं काम करणारी. दक्षिणद्वाराच्या स्नानाला म्हणून निघाली होती, पण पाणी सोहळ्याच्याही वर गेलं होतं, पोलिसांनी पुलावरूनच माघारी लावलं आणि फिरून जाताना ती आमच्या गल्लीत शिरली. आपण आंधळ्याला रस्ता विचारतोय हे तिच्या ध्यानात आलं नव्हतं. मी रस्ता सांगितला नाही. फोन पुढे केला आणि म्हटलं, बाई, आधी या चित्रात काय लिहिलंय ते सांगा.

तिनं वाचलं. मग म्हणाली, "काका, ह्यात लिवलंय, सखल भागातल्या लोकांनी दुपारच्या आत घरं सोडावीत म्हणून. सकाळचं हाय हे. गल्लीत कोण बी न्हाय हो. समद्या दारास्नी कुलपं हायत."

सकाळपासून ती सूचना माझ्या खिशात होती. मी तिच्यावर कितीतरी वेळा बोट ठेवलं होतं.

ओट्याची खालची पायरी तोवर पाण्यात गेली होती. त्या बाईनं स्कूटर तिथेच सोडली. ती निघून जाऊ शकत होती, तिची पोरं घरी वाट बघत होती. पुढे ती, मध्ये आक्का, मागे मी, असे एकमेकांना धरून निघालो. गल्लीच्या तोंडाशी पाणी गुडघ्याच्या वर आलं आणि ओढ जाणवायला लागली. तिथे गटारीवरची फरशी पाण्यानं सरकली होती. डोळस माणसालाही गढूळ पाण्याखालचं दिसत नाही, त्यामुळे तिला दोष नाही. आक्काचा पाय आत गेला. तिचं ओरडणं मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. नवरा गेला तेव्हाही ती अशी ओरडली नव्हती. बाईनं आणि मी तिला कमरेत धरून वर ठेवलं, आणि बाई गळ्याच्या शिरा ताणून हाका मारत राहिली. वरच्या रस्त्यानं माणसं नेणारा एक ट्रॅक्टर होता, त्यांनी ऐकलं.

पूरग्रस्तांच्या छावणीच्या शाळेत बापू भेटले. सगळी गल्ली सकाळीच कोरड्या रस्त्यानं येऊन बसली होती. बापूंनी माझे दोन्ही हात धरले आणि तो दांडगा माणूस लहान मुलासारखा रडला. म्हणाला, "आमाला वाटलं, तुमचा फोन बोलतोय, तुमालाच पैलं कळलं असणार. मी गटावर टाकलंतं की." मी त्यांच्यावर चिडू शकलो नाही. जे बिचारे कित्येक वर्षं माझ्याच तोंडून पाणी ऐकत आले, त्यांना ते मला आता ऐकू येत नाही हे सुचणार कसं?

आक्काचं खुब्याचं हाड मोडलं होतं. कोल्हापूरच्या दवाखान्यात तिला ठेवलं. ती पडूनच राहिली, मग छातीत कफ झाला. पाणी उतरलं, लोकांनी घरातला गाळ काढला, आणि आक्का दसऱ्याच्या आत गेली. शेवटच्या दिवसांत ती मला एकच गोष्ट विचारायची, की आपल्याला कुणी सांगितलं का नाही. माझ्याकडे उत्तर होतं, पण ते एवढं क्षुद्र होतं की मरणाऱ्या माणसाला सांगायची लाज वाटली. कुणीतरी चित्राखाली चार ओळी लिहिल्या नाहीत म्हणून, असं कसं सांगणार?

ती कबनूरची बाई दवाखान्यात नारळ आणि प्रसाद घेऊन आली होती. लोकांना ती गुप्त झालेली हवी असते. मी हा प्रसंग सांगितला की विचारतात, मग ती पुन्हा दिसलीच नाही ना? दिसली म्हटलं की त्यांचा हिरमोड होतो. ती अजून अधूनमधून फोन करते, मागांच्या खडखडाटात अर्धं ऐकू येत नाही, आणि तिची स्कूटर दुरुस्त झाली. मला तिच्यात महाराजांचा हात दिसतो. त्यासाठी ती गुप्त व्हायला पाहिजे असं मला वाटत नाही.

आक्काच्या वर्षश्राद्धाच्या आधी मी दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार केली. दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा आहे, त्यात स्पष्ट लिहिलंय की सरकारची माहिती आम्हालाही वापरता येईल अशा रूपात मिळाली पाहिजे. वरच्या कोर्टानंही म्हटलंय की हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. मला ही वाक्यं वाचून दाखवायला कुणी लागलं नाही, फोननं वाचली. सुनावणीला त्या पानाचे अधिकारी आले होते. माणूस वाईट नव्हता. कागदावर सही-शिक्का लागतो, म्हणून फोटो टाकतो, असं म्हणाले. मग मऊ आवाजात त्यांनी विचारलं की घरात मदतीला कुणी नव्हतं का. मी म्हटलं, "साहेब, मदत मागायला आधी कळावं लागतं की ती लागणार आहे. तुमच्या फोटोखाली तीच सूचना अक्षरांत लिहिली असती, तर माझी बहीण कोरड्या रस्त्यानं चालत गेली असती." त्यांनी ते वाक्य लिहून घेतलं. मी उपकार मागायला गेलो नव्हतो, हे त्यांना समजलं असावं.

काही भक्तमंडळींना माझं हे वागणं आवडलं नाही. जे झालं ते महाराजांची इच्छा, शरण जावं, कोर्टकचेऱ्या कशाला, असं म्हणाले. मी बरेच दिवस यावर विचार केला. शरण जायला मी तयार आहे, पण देवाला. कुणाच्या तरी आळसाला देवाची इच्छा म्हणायचं आणि त्यापुढे हात जोडायचे, हे मला जमलं नाही. पाणी वाढणं महाराजांच्या हातात असेल. ते वाढलंय हे मला कळू न देणं, हे माणसांचं काम होतं. जेवढं माणसांनी करायचं ते झालं, की त्यापुढे जे उरतं ते त्यांच्या पायाशी ठेवावं, एवढं आता मला समजलंय.

सुनावणीनंतर पान दुरुस्त झालं. फोटो अजून असतो, पण खाली अक्षरं असतात, आणि टिंबांना नावं आली आहेत. पुढच्या पावसाळ्यात एका सकाळी फोननं पातळी वाचली, मग सूचना वाचली, शेवटच्या शब्दापर्यंत. मी पिशवी भरली, देवाला नमस्कार केला आणि काठी टेकत कोरड्या रस्त्यानं शाळेत जाऊन बसलो. नोंद घेणाऱ्या बाईंनी विचारलं, तुम्हाला कोण घेऊन आलं? कुणी नाही, म्हटलं, कळलं तसा आलो. बाकावर बसल्यावर माझे हात आपोआप जोडले गेले. महाराजांना यंदा माझ्यासाठी कुणाला धाडावं लागलं नाही. आक्कासाठी त्यांनी धाडलेलं माणूस उशिरा पोचलं, आणि तो उशीर त्यांचा नव्हता.