उजवी पाकळी

आधीच सांगतो, यात भूतबीत काही नाही, त्यामुळे थरार शोधणाऱ्यांची निराशा होईल. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. मालाडला सॉफ्टवेअर टेस्टिंग करतो. जे पुन्हा करून दाखवता येत नाही, ते आमच्याकडे शेरा मारून बंद करतात. आरतीला माझ्याही अंगावर काटा येतो... पण तो मॅचच्या शेवटच्या ओव्हरलाही येतो! मग काट्याच्या भरवशावर देव मानायचा कसा? हा प्रश्न मला कॉलेजपासून छळायचा.

आमचं घर बोरीवली पूर्वेला, नॅशनल पार्कच्या अंगाला. मी, बायको मानसी आणि आई. मूळचे सिंधुदुर्गातले. मागच्या वर्षी गणपतीच्या आधी आईच्या हृदयाची झडप खराब झाल्याचं निघालं. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन लवकर करा, थांबण्यात धोका आहे. आई म्हणाली, नाही.

मग रोज तेच. मी चिडायचो, मानसी समजवायची, आई भाजी निवडत बसायची. जिना चढताना धाप लागायची, पण हट्ट सुटेना.

"माका मनातून नको वाटता रे," एका सकाळी ती म्हणाली. "देवच सांगता, जाव नको म्हणान."

"आई, तो देव बोलतो की तुझी भीती बोलते, हे तुला कळतं कसं?"

मी टोमणाच मारला होता. पण आईने निवडायची भाजी बाजूला सारली. म्हणाली, "मगे तेकाच इचारूया. कौल लावया."

माहीत नसलेल्यांसाठी सांगतो – देवाच्या दोन्ही बाजूंना फुलाच्या पाकळ्या ओल्या करून चिकटवायच्या आणि प्रश्न विचारायचा. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. गावी हे काम देवळात गुरव करतो. आमची आई घरीच करते, देव्हाऱ्यातल्या नारळावर.

"आणि डावी पडली तर रे?" मानसीने मला स्वयंपाकघरात गाठून विचारलं. आईचा जीव एका पाकळीवर टांगलेला, आणि मी म्हणे टेस्टर! वाट लागणं म्हणजे काय ते त्या दिवशी कळलं.

दुसऱ्या दिवशी आंघोळ करून आईने जास्वंदीच्या पाकळ्या लावल्या आणि मग आम्हाला हाक मारली. खिडकी बंद होती, कारण पार्कातली माकडं आत शिरतात. पंखाही बंद. आईने हात जोडले. "बा देवा म्हाराजा, ऑपरेशन करूचा तर उजवी दी, नको तर डावी."

आम्ही घाम पुसत बघत बसलो... आणि उजवी सुटली. सरळ पाटावर पडली.

मानसी रडायलाच लागली. मला इतकं हायसं वाटलं की मीही नारळाला नमस्कार करून टाकला. मनात म्हटलं, फिफ्टी-फिफ्टी होतं, वाचलो. आई मात्र त्या पाकळीकडे बघतच राहिली. मग ती उचलून तिने चष्म्याच्या डबीत ठेवली आणि म्हणाली, "बॅग भर." डावी पाकळी नंतर मीच काढली. बोट लावताच हातात आली.

ऑपरेशन झकास झालं. घरी सोडणार त्याच्या आदल्या दुपारी आईने मला चष्म्याची डबी उघडायला लावली. आत तीच पाकळी, वाळून काळपट झालेली. पाठीला पांढरी खपली.

"हे काय?"

"खळ. मानसीन मखराक शिजवलेली ती. उजवी पडाकच नको म्हणान मीच चिकटवलेली. रागाव नको हां."

"आई! तू देवाला फसवत होतीस?"

"भियालंय रे."

"मग पडल्यावर गप्प का राहिलीस? तयार कशी झालीस ऑपरेशनला?"

"माझ्या मनातलां आसतां तर डावी पडली आसती," आई म्हणाली. "मी नकोच म्हणत होतंय. जा म्हणालो तो मी नव्हतंय."

घरी आल्यावर मी काय केलं असेल ते सांगायला नको. तोच नारळ, मैद्याची तशीच खळ, जास्वंदीच्या पाकळ्या. पंखा बंद ठेवून पाहिलं, फुल्ल सोडून पाहिलं. दर वेळी नुसती ओली पाकळी पडायची आणि खळीची जागची हलायची नाही. शेवटी नखाने खरवडून काढावी लागायची. मानसी म्हणते, आईने लावली तेव्हा खळ पातळ झाली असेल, किंवा नारळाला तेलाचा हात लागला असेल. असेलही. पण पातळ खळ निदान पाण्याइतकी तरी धरेल ना?

नियमाप्रमाणे शेरा मारून हे प्रकरण बंद करायला हवं. माझा हात होत नाही. उत्तर कुणाला सुचलं तर जरूर सांगा, मला अजून सापडलेलं नाही.

यंदा गणपतीत ऑफिसातून दमून आलो आणि तसाच आरतीला उभा राहिलो. अंगावर काटाबिटा काही आला नाही. पूर्वी अशा वेळी वाटायचं, संपलं, आतलं सगळं आटलं. यंदा नाही वाटलं. माझ्या काट्यावर काही अडलेलं नाही, हे केवढं सुख आहे! शेजारी आई जोरजोरात टाळ्या वाजवत होती, आणि तिला धाप लागत नव्हती.