ओळ एकशे चौदा

माझ्या बायकोच्या मावसभावाइतका कटकट्या माणूस शिरूर आणि दौंड या दोन्ही तालुक्यांत मिळून दुसरा झाला नाही, आणि होऊ नये अशीच नातेवाइकांची प्रार्थना असे. पाबळचा हा पाहुणा. आमच्या साखर कारखान्याच्या संगणक खोलीत मीच त्याला चिकटवला होता. गळ्याशी आवळलेली गुंडी, खिशाला चार पेन्सिली, आणि कुणाचं काही चुकलं की मानाचा फेटा बांधल्यासारखा फुललेला चेहरा. यवतच्या धाब्यावर भाजी खारट निघाली तर माणसं आचाऱ्याला बोलतात. हा ताट घेऊन आत शिरला आणि मापाची वाटी कुणी बदलली याचा माग काढत थेट मालकाच्या सासऱ्यापर्यंत पोचला. तोवर आमची बस गेली. "आचारी काय करंल, दाजी? हातात दिली त्या वाटीनं घातलं त्यानं," हे मला उन्हात उभं करून ऐकवलं. एका लग्नपत्रिकेत नवरदेवाचं गाव चुकलं, तेव्हा छापखाना सोडून यानं मजकूर लिहून देणाऱ्या चुलत्याला भर मांडवात धरलं. ते चुलते त्याच्याशी आता बोलतात, माझ्याशी अजून नाही.

हाच विक्षिप्तपणा त्यानं प्रोग्राममध्ये ओतला. त्यानं एक मॉड्यूल लिहिलं होतं, म्हणजे इतरांच्या स्क्रिप्टनी हवं तेव्हा बोलवायचा तयार तुकडा. त्याला उसाच्या लागणीची तारीख द्यायची, ते तोडणीचा नंबर काढून देई. तारीख चुकली की ते जागीच थांबे आणि स्वतःची ओळ न दाखवता, ज्यानं बोलावलं त्याच्या फाईलचं नाव आणि ओळ पडद्यावर दाखवी. "आपण कुठं अडलो हे सांगून काय उपेग? वाकडं कुणी बोलावलं ते सांगावं," म्हणे. चहाची पाळी विसरणाऱ्यालाही तो ओळ क्रमांक विचारायचा. आम्ही सगळे त्याला मागून हसायचो. मी जरा जास्तच.

तोडणीची यादी काढायच्या दिवशी शेतकी अधिकारी माझ्या खुर्चीमागे पाठमोरे, फोनवर बोलत उभे होते. पडद्यावर आलं: 'लागणीची तारीख रिकामी पाठवली. तोडणी यादी, ओळ ११४.' ती फाईल माझी होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. साहेब चहाला वळले तेवढ्यात मी त्या ओळीची सोय केली: चूक आली तर गिळायची, काही छापायचं नाही, पुढच्या नावाकडे जायचं. यादी सुरेख निघाली.

माघात एक आबा कारखान्यात आले. मेंढरं विकून पहिल्यांदाच ऊस लावलेले. "समद्यांचा ऊस गेला आन् माझ्याला तुरं आलं. माझं नाव कुठं हाय, सायेब?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मी पाहुण्याकडे. "मॉड्यूल त्याचं आहे," मी म्हणालो. म्हटलं तर हे खरंच होतं.

आबांचा ऊस दुसऱ्या दिवशी तोडला, पण तोवर तो निम्मा वाळला होता. पाहुण्याला आठवड्याची मुदत मिळाली: चूक शोध, नाही तर घरी जा.

त्यानं मला एकदाच विचारलं, "दाजी, यादी काढताना मॉड्यूल काय बोललं व्हतं का?"

"नाही."

"मग माझंच चुकलं असंल."

आठवडाभर तो स्वतःचंच मॉड्यूल कागदावर काढून वाचत बसला. माझी फाईल त्याच संगणकावर होती, उघडली असती तर दोन मिनिटांचं काम. सगळ्या जगाची उलटतपासणी घेणाऱ्या त्या माणसानं ती उघडली नाही. बहिणीच्या नवऱ्याला जाब विचारायची त्यांच्या घरात रीत नाही. शनिवारी तो पाबळला गेला, तो पुन्हा कामावर आला नाही. त्याच्या टेबलात तो कागद सापडला. शेवटच्या ओळीपर्यंत प्रत्येक ओळीपुढे पेन्सिलीनं बरोबरची खूण, आणि खाली लिहिलेलं: 'सापडत नाही. दाजींना त्रास देऊ नये.'

गेल्या भाऊबीजेला तो आमच्याकडे जेवायला होता. भाजीत मीठ दोनदा पडलं होतं, एकदा माझ्याच हातून. तो विचारेल म्हणून मी घास हातात धरून बसलो होतो. त्यानं मुकाट भाजी संपवली आणि ताटाला नमस्कार केला.