चिकी झालेली कढई

हे मी अजून कुणाला बोलले न्हाई. नवऱ्याला न्हाई, पोरीला न्हाई, देवापुढंही न्हाई — देवाला ठाऊक असंल तर असो, ठाऊक असून त्यानं तरी काय केलं? तुमाला सांगायलेय म्हून लगेच जवळ सरकून बसू नका. अन् मध्येच 'जाऊ द्या, तवाचा काळच तसा व्हता' असं तर बिलकुल म्हणू नका. लय ऐकलंय मी ते. काळ कुणाच्या तोंडात शब्द घालत न्हाई. तोंड माझं व्हतं.

राणीसावरगावच्या अलीकडं आमचं गाव. सासरे गावचे पाटील, त्यांच्या विहिरीला पाणी लय, म्हून ऊस. अन् ऊस म्हून गुऱ्हाळ. थंडी पडली की रानातच ऊस पिळायचा चरक बसायचा अन् चुलवाणावर कढई चढायची. कढई म्हणलं की तुमच्या डोळ्यापुढं भज्याची येत असंल. तसली न्हाई. लोखंडाची, उथळ, अन् एवढी रुंद की एखादं लेकरू तिच्यात हातपाय ताणून निजंल. चढवायला पाच-सहा बाप्ये लागायचे, अन् चढवताना जो आरडाओरडा व्हायचा तो अर्ध्या गावाला ऐकू जायचा. तिच्याखाली जमिनीत खणलेलं चुलवाण. चुलवाणाच्या तोंडाशी खड्डा, अन् त्या खड्ड्यात बसून एक माणूस दिवसभर वाळलेलं चिपाड आत ढकलायचा. तो जाळव्या. वर कढईपाशी उभा राहून रस हलवायचा, मळी काढायचा तो गुळव्या. रस आटत आटत तांबडा अन् दाट झाला की काकवी. अजून आटवला, वाफ्यात ओतून गार केला की गूळ.

आता नीट ऐका. पुन्हा सांगणार न्हाई.

रस चरकातनं हौदात यायचा अन् हौदातनं कढईत. ह्या हौदाला अन् ह्या कढईला बौद्धांच्या वस्तीतल्या माणसानं हात लावायचा न्हाई, असा रिवाज. ऊस त्यांनी तोडायचा, मोळ्या त्यांनी वाहायच्या, जाळ त्यांनी घालायचा — अन् रस मात्र आमचा. उसाला त्यांचा हात चालायचा, चरकातनं पलीकडं गेला की चालायचा न्हाई. कसं काय? मला तवा हा प्रश्न पडला न्हाई. मी चांगल्या घरातली, देवाधर्माची बाई. मला कशाला पडंल?

म्हून हौद धुवायचं काम घरच्या बाईकडं. संध्याकाळी चरक थांबला की तळाशी राहिलेला रस काढून फेकायचा, हौद घासायचा, चुन्याच्या निवळीनं धुवायचा. का, तर राहिलेला रस रातीतनं आंबतो. त्यातला थोडा जरी सकाळच्या ताज्या रसात मिसळला की गूळ बसत न्हाई. वाफ्यात नुसता चिकट गाळ पडून राहतो, ढेप होत न्हाई. त्याला आमच्याकडं चिकी झाली म्हणतात. तर हे काम थोरल्या सुनेचं. थोरली सून मी.

जाळव्या किसन. आमच्या चुलवाणावर तोच असायचा, त्याच्या आधी त्याचा बाप. गुमान काम करणारा. कढईला केवढा जाळ पाहिजे ते त्याला खालून कळायचं. त्याची बायको रुक्मिण. अन् रुक्मिण मला आवडत न्हवती. आता कबूल करायला काय जातं? माझ्याच वयाची. ऊस तोडायला यायची. समोरनं गेली तर मान खाली घालायची न्हाई. बाकीच्या बायका 'बाई, बाई' करत मागं सरायच्या, ही उभीच. उद्धट न्हवती हो — तोच तर राग व्हता माझा. उद्धट असती तर थोबाडीत देता आली असती.

हे घडलं त्या सालच्या पावसाळ्यात विद्यापीठाच्या नावावरून मराठवाडाभर वस्त्या पेटल्या. आमच्या गावात कुणी काडी लावली न्हाई. अन् ह्याची आमाला केवढी गुर्मी! आल्या-गेल्या पाव्हण्याला सांगायचो, 'आमच्याकडं तसलं काही न्हाई बरं का.' काही न्हाई कसं? घराघरात बाप्ये बसून दात खातच व्हते. निमित्त मिळत न्हवतं, एवढंच.

ते निमित्त मी दिलं. मीच.

हंगामातल्या पहिल्या कढईला आमच्याकडं जो येईल त्याला काकवी द्यायची. रिकाम्या भांड्यानं कुणी जायचं न्हाई. वाटायला मी उभी. आपल्या बायकांनी भांडं पुढं करायचं, मी ओतायची. वस्तीतल्या बायकांनी भांडं भुईवर ठेवून मागं व्हायचं, मंग मी ओगराळं उंच धरून वरनं धार सोडायची. थोडी भांड्यात, थोडी मातीत. रुक्मिणीचा नंबर आला. तिनं भांडं हातातच धरलं. मी म्हणाले, "खाली ठेव." ती म्हणाली, "हातात द्या बाई. वरनं वतायची असंल तर ऱ्हाऊ द्या."

एवढंच. आवाजसुद्धा चढवला न्हाई. अन् भांडं काखेत मारून निघून गेली. सगळ्या बायका माझ्या तोंडाकडं बघायल्या, अन् मी ओगराळं धरून तशीच उभी, काकवी माझ्याच लुगड्यावर गळायली. केवढी बेइज्जती वाटली मला! काकवी नाकारली म्हणजे जणू माझ्या तोंडावर थुंकली. दिवसभर माझ्या डोक्यात तेवढंच. संध्याकाळी चरक थांबला तर मी जावांना अन् शेजारणींना जमवून रुक्मिणीच्या नावानं शंख करत बसले — कशी माजली, कुणी डोक्यावर चढवली, उद्या आपल्या चुलीपाशी येऊन बसंल. बोलता बोलता अंधार पडला. पाणी गार, हात घालायचा कंटाळा. अन् हौद तसाच राहिला. विसरले न्हाई, हे लक्षात घ्या. आठवण व्हती. उद्या धुवू म्हणलं.

दुसऱ्या दिवशी कढई उतरली, वाफ्यात ओतली, अन् ती बसंना. दुपार झाली तरी बसंना. मामंजी — म्हणजे माझे सासरे — फावड्यानं ढवळून बघायले, तर फावड्याला तारा सुटायल्या. कढईभर रस मातीत गेला. माणसं गोळा झाली. हंगामाच्या सुरवातीलाच कढई बिघडली म्हणजे अपशकुन, जो तो कुजबुजायला लागला. गुळव्या म्हणाला, रसातच काहीतरी गेलंय. तवा किसन खड्ड्यातनं वर आला. सगळं अंग काजळीनं काळं. त्यानं मला इचारलं, "बाई, काल हौद धुतला व्हता का?"

एवढ्या माणसांत नेमका प्रश्न त्यानं इचारला. वाईट मनानं न्हवे. त्याला कढईची काळजी. मामंजी माझ्याकडं वळले. नवरा वळला. दीर वळले. मामंजींचा राग तुमी पाह्यला न्हाई — पण त्याचं सांगून मी सुटायला बघत न्हाई. मारलं असतं तर मारलं असतं. माहेरी धाडलं असतं तर धाडलं असतं. मरत न्हवते मी.

मी म्हणाले, "धुतला."

अन् तिथं थांबले असते तरी एक वेळ… पण सगळे अजून माझ्याकडंच बघायले. मंग मी म्हणाले, काल रुक्मिण रागानं गेली ना, जाताना तिनं मुद्दाम कढईला हात लावला. मी माझ्या डोळ्यानं पाह्यलं.

किसननं माझ्याकडं पाह्यलं. त्याच्या चेहऱ्यावर शंका आली असती तर बरं झालं असतं. आली न्हाई. पाटलाची सून, हौद धुतला म्हणते, ती कशाला खोटं बोलंल? त्यानं मान खाली घातली. मंग धाकट्या दिरानं त्याला पहिली लाथ घातली.

बाप्ये वस्तीकडं गेले. मी गेले न्हाई. मी घरी येऊन भाकरी थापत बसले. किसनच्या घरावरचं पाचट ओढून काढलं, भांडी बाहेर फेकून ठेचली, रुक्मिणीला केस धरून अंगणात आणलं. ती ओरडत व्हती म्हणे, मी हात लावला न्हाई, पाटलीणबाईला इचारा. मला इचारा! ऐकायलात ना? तिला शेवटपर्यंत वाटलं की मी खरं सांगंल. त्यांना गाव बंद झालं — काम न्हाई, गिरणी न्हाई, पाणी न्हाई. आठवड्याच्या आत किसन, रुक्मिण अन् त्यांची लहानी पोर परभणीला गेली. त्यांच्या घराची जागा पडूनच राहिली.

तुमाला वाटलं असंल, संपलं. न्हाई. खरी घाण पुढं हाय.

त्या मारहाणीच्या दुसऱ्याच दिवशी कढई शुद्ध करायची ठरली. गोमूत्र शिंपडा, कुणी म्हणालं नारळ फोडा. मी पुढं झाले. मी म्हणाले, कढईबरोबर हौदही धुवायला पाहिजे, रसालाही विटाळ लागला असणार. अन् सगळ्या गावादेखत, भर दिवसा, कंबर खोचून मी तो हौद घासला. चुन्याच्या निवळीनं, कोपरान्कोपरा. बायका म्हणायल्या, बघा किती राबायली बिचारी! मामंजींनी पहिल्यांदाच चार लोकांत माझं कौतुक केलं. मंग नवीन रस आला, कढई चढली — अन् गूळ असा बसला, पिवळाधमक, कणीदार, हातानं फुटंना. बसणारच की! हौद धुतला व्हता.

पण लोकांना काय दिसलं? रुक्मिणीला धडा मिळाला, कढई शुद्ध झाली, गूळ बसला. पुरावाच की न्हाई? आजूबाजूच्या गावांतले गुऱ्हाळवाले येऊन ढेप हातात घेऊन बघायचे. आधी ज्यांना ह्या रिवाजाची थोडी लाज वाटायची, तेही म्हणायला लागले, 'न्हाई बाबा, काहीतरी हाय त्यात, अनुभव आलाय.' माझं खोटं त्यांच्याकडं अनुभव होऊन गेलं. किती गुऱ्हाळांवर किती बायकांना लांब उभं केलं असंल माझ्या त्या एका वाक्यानं? मी मोजलं न्हाई. मोजून मन हलकं करायचं मला काही कारण न्हाई.

अन् मी रडले बिडले असंल, असं समजू नका. मी मजेत व्हते. घरात माझा शब्द चालायला लागला. रुक्मिणीचा रागही कितीतरी वर्षं तसाच व्हता माझ्या मनात. ज्याच्याशी आपण वाईट वागलो त्याचा राग लय टिकतो.

पुढं किती हिवाळे गेले. विद्यापीठाचं नाव बदललं ती संक्रांत. मामंजी वारले व्हते, गुऱ्हाळ आता माझ्याच हुकमात. कढई चढलेली, मी मळी काढायला उभी. बांधावरनं दोघी येताना दिसल्या. एक पांढऱ्या लुगड्यातली, थकलेली. मागं शिकलेली, चष्मा लावलेली पोर. वस्तीत कुणाच्या तरी लग्नाला आल्या असतील. रुक्मिण. मी ओळखलं. वाटलं, आता शिव्या देणार. द्याव्यात असं वाटलं, खरं सांगते.

ती दूर, चिपाडाच्या ढिगापाशी थांबली. कुशल इचारलं. मंग म्हणाली, किसन गेला, दोन पावसाळे झाले. अन् म्हणाली, "बाई, मी तुमच्याशी भांडायला आले न्हाई. आमचा मालक मरस्तोवर मला इचारायचा, खरं सांग, लावला व्हतास का हात? पाटलीणबाई कशाला खोटं बोलतील, म्हणायचा. माझ्या हातचं खायचा, पण इश्वास न्हाई ठेवला शेवटपर्यंत. हिलाबी तेच सांगून गेला. तवा तुमी तिथंच व्हता. एकडाव हिच्यासमोर सांगा, मी हात लावला व्हता का?"

बघा. तिनं काय मागितलं? कोर्ट न्हाई, घर न्हाई, माफीसुद्धा न्हाई. नुसतं 'न्हाई' एवढं म्हणायचं व्हतं मला. आता कुणाची भीती व्हती? मामंजी न्हाईत. नवरा माझ्या शब्दाबाहेर न्हाई. गड्यांनी ऐकलं असतं, सुनेनं ऐकलं असतं — तेवढंच. तेवढंच मला जड झालं.

मी म्हणाले, "लय दिवस झाले. मला आठवत न्हाई."

पोरीनं माझ्याकडं पाह्यलंसुद्धा न्हाई. तिनं आईकडं पाह्यलं, चष्म्याआडनं, चांगला वेळ. मंग म्हणाली, "चल आई, गाडी जाईल."

पोर पुढं झाली. रुक्मिण तिच्या मागं चालायला लागली, अन् बांध संपेपर्यंत ती पोरीला पटवायला बघत व्हती, हात हलवून हलवून. पोर मागं वळली न्हाई. मी हाक मारली न्हाई.