मशाली विझवणारा किल्लेदार

डॉक्टर ठोसरांना निखिलने फसवलं. हे आधीच सांगून टाकतो, कारण शोकसभेत सगळे इतकं गोड बोलले की मूळ गोष्ट राहूनच गेली.

डॉक्टरांना जाऊन सहा आठवडे झाले. त्यांच्या पत्नीचा, सुमतीवहिनींचा फोन आला तेव्हा मी इथे अमेरिकेत, श्रूजबरीतल्या माझ्या दुकानात कोथिंबिरीवरून घाऊकवाल्याशी हुज्जत घालत होतो. "गेले हो," एवढंच त्या म्हणाल्या. मी घाऊकवाल्याला म्हटलं, तुझाच भाव खरा, जा. असं मी आयुष्यात पहिल्यांदा केलं...

ते हॉस्पिटलातले मोठे भूलतज्ज्ञ, मी गॅस स्टेशनवर राबून दुकान उभं केलेला माणूस. इथल्या मराठी मंडळाच्या नाटकांमुळे आम्ही एकत्र आलो आणि एकाच नाटकावरून वर्षानुवर्षं भांडलो. ती किल्लेदाराची जुनी शोकांतिका. दिवस मावळल्यावर दार कुणासाठीही उघडायचं नाही, अशी त्याची शपथ. जखमी मुलगा बाहेरून हाका मारतो, बाप दार उघडत नाही. पहाटे हाका थांबतात. मग किल्लेदार म्हणतो, "मशाली विझवा, तेल वाया जातंय. आता दार उघडा."

आमच्याकडे हॉल पाचला रिकामा करावा लागतो, म्हणून प्रत्येक नाटकाला कात्री लागते. तेलाची ओळ दर वेळी उडायची, लोक हसतात म्हणून. दाराची ओळ मात्र नट छाती पिटून म्हणायचे. मलाही ते बरोबर वाटायचं. तेलाचा हिशेब करणारा बाप दगडच असणार. डॉक्टर म्हणायचे, "शेठ, तुला तरी ही ओळ कळायला हवी होती." माझं डोकं फिरायचं.

मग एकदा ते दुकानात असतानाच साताऱ्याहून फोन आला. माझे वडील गेले होते. फोन ठेवून मी बायकोला म्हणालो, "फ्रीझरचं दार उघडं राहिलंय, लाव." पुढे महिन्याभराने डॉक्टरांनी विचारलं, "तू त्या दिवशी दगड झाला होतास का?"

"नाही."

"मग किल्लेदारही नाही. अरे, मी जन्मभर नातेवाइकांना वाईट बातम्या दिल्या. ज्याच्यावर खरं कोसळतं तो विचारतो, पार्किंगची पावती कुठे ठेवली? हाताशी येईल ते काम माणूस धरतो, नाहीतर खाली पडेल."

या दोन ओळींवर त्यांनी वहीची अकरा पानं लिहिली. माझा फ्रीझरही त्यात आहे, माझ्या नावासकट. दुसऱ्याचं घेतलं तर नाव लिहायचं, ही त्यांची रीत.

गेल्या वर्षी मंडळातल्या तरुण निखिलने ते नाटक बसवायला घेतलं. डॉक्टर किल्लेदार होणार होते, पण आजार वाढला. त्यांनी वही निखिलला दिली. प्रयोगात तेलाची ओळ आली आणि कुणीही हसलं नाही. माझ्या पुढच्या रांगेतल्या मुलीने आईला हळूच विचारलं, "मम्मा, इज ही ओके?" व्हीलचेअरवरच्या डॉक्टरांनी माझा हात घट्ट धरला. मग आम्ही कार्यक्रमपत्रिका उघडली. 'संहितेचा नवा अर्थ: निखिल.' मी उठलोच होतो. "शेठ, राहू दे. ओळ पोहोचली ना?" मी बसलो. ती माझी चूक.

शोकसभेत निखिल म्हणाला, ही ओळ त्याला तालमीत अचानक सापडली, आणि प्रेक्षकांतले ठोसरकाका फार खूश झाले. प्रेक्षकांतले. चहाच्या टेबलाशी मी त्याला गाठलं.

"दार उघडा म्हणताना किल्लेदार कुठे बघतो?"

"दाराकडे, ऑब्व्हियसली."

"नाही. विझलेल्या मशालीकडे. दाराकडे बघितलं तर त्याला बोलताच येणार नाही. नवव्या पानावर आहे. तू तिथपर्यंत वाचलंही नाहीस."

"काका, इथे नको यार. लोक आहेत."

लोक आहेत म्हणूनच विचारलं होतं, आणि म्हणूनच आता मंडळाच्या या अंकात लिहितो आहे. वही अजून त्याच्याकडे आहे. सुमतीवहिनींनी दोनदा मागितली. पुढच्या महिन्यात त्याच नाटकाचा पुन्हा प्रयोग आहे. निखिल, त्याआधी वही वहिनींच्या हातात दे. पडदा उघडण्यापूर्वी स्टेजवर ये आणि या दोन ओळींचा अर्थ कुणी लावला, ते नाव घेऊन सांग. राहू दे म्हणणारा माणूस आता नाही. मी पहिल्या रांगेत असेन, आणि मला उत्तर हवं आहे.