मिस्त्रीकाकांची काळी मोटार

मिस्त्रीकाका बाल्कनीत डोळे मिटून बसत आणि खालून जाणाऱ्या बसची प्रकृती सांगत. "हिचा तिसरा सिलिंडर गेला," "हिला पाणी कमी आहे," "आज डायव्हर घरी भांडून आलाय, क्लच बघ कसा सोडतोय." बेर्शेबातल्या आमच्या इमारतीतले लोक हसत, आणि पुढच्याच थांब्यावर ती बस वाफा सोडत उभी राहिली की गप्प होत. इंजिनाच्या पोटातलं दुखणं काकांना चार दिवस आधी ऐकू येई. माणसाच्या पोटातलं मात्र त्यांना कधीच ऐकू आलं नाही. हे मी आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे झालं ते त्यामुळेच झालं. त्यात माझाही वाटा आहे, तो मी लपवणार नाही.

काका म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. वडील मी लहान असताना गेले, आणि आई व मी काकांच्या आधाराने ज्यूंच्या या नव्या देशात आलो. मुंबईत काका एका संस्थानिकाच्या मोटारखान्यात हेडमिस्त्री होते, आणि ते हेडमिस्त्रीपण त्यांनी बोटीवर सामानाबरोबर चढवून आणलं होतं. इथे ते बसच्या वर्कशॉपमध्ये इतर वीस जणांसारखे एक मेकॅनिक होते, तरी बोलताना दर दुसरं वाक्य "आमच्या राजेसाहेबांकडे" असंच सुरू होई. राजेसाहेबांकडे स्पॅनर मखमलीच्या पेटीत असत. राजेसाहेबांकडे मोटारीला हात लावण्याआधी हात धुवावे लागत. आई म्हणे, "भावजी, राजेसाहेबांकडे जेवण तरी वेळेवर होत होतं का?" काका शांतपणे पुढचा घास घेत.

त्या मोटारखान्यात एक लांबलचक जर्मन गाडी होती, दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची. बॉनेटच्या कुशीतून बाहेर आलेले चांदीसारखे नळ, थाळ्यांएवढे दोन दिवे, आणि पुढच्या चाकांवरून मागपर्यंत वाहत आलेले मडगार्ड. स्वातंत्र्यानंतर राजेसाहेबांनी ती विकली आणि काकांच्या मनातून ती काही गेली नाही. मग बहात्तर-त्र्याहत्तरच्या सुमारास एका बसड्रायव्हरने सांगितलं, की किनाऱ्याकडच्या एका संत्र्यांच्या बागेत, कोंबड्यांच्या खुराड्यात, तसल्याच लांब नाकाची गाडी पडून आहे. ती बाग पूर्वी जर्मन वसाहतवाल्यांची होती. लढाईत तेव्हाच्या राज्यकर्त्या इंग्रजांनी त्यांना उचलून दूर पाठवलं, गाडी मागे राहिली, आणि नंतरच्या मालकाच्या कोंबड्या तीस वर्षं तिच्या चामडी गाद्यांवर अंडी घालत होत्या. काका गेले, बॉनेटखाली हात घातला आणि हाताने ओळखलं. मालक म्हणाला, "आजच्या आज घेऊन जा. माझी बायको निदान शांत झोपेल." घरी येऊन काकांनी आम्हाला समजावलं, "कोंबड्या फार कलकलाट करतात गो, बिचारीला झोप कुठून येणार?"

गावाबाहेर, वर्कशॉपच्या मागे, पत्र्याच्या एका शेडमध्ये काकांनी तिला आणून ठेवलं. शेडच्या पुढे थेट वाळवंटच होतं. सुट्टीच्या दिवशी काका सुटे भाग शोधत देश पालथा घालत. एक दिवा याफोच्या जुन्या बाजारात सापडला. कार्बुरेटर एका शेतातल्या पाण्याच्या पंपावर बसवलेला मिळाला, तो त्यांनी नवा पंप बसवून देऊन सोडवला. बॉडीच्या आतला लाकडी सांगाडा वाळवीने खाल्ला होता. तो सुतारासमोर बसून, इंचाइंचाचं माप घेऊन, नवा करून घेतला. प्रत्येक भाग वर्तमानपत्रात गुंडाळून त्यावर मराठीत चिठ्ठी लावलेली असे: "डावा, पुढचा, नाजूक." इंजिन पहिल्यांदा धडधडलं त्या दिवशी त्यांनी एलियाहू हनावीला, आमच्या नवसाला पावणाऱ्या संदेष्ट्याला, बोललेला नवस फेडला. मलिद्याचं ताट, गोड पोहे, नारळ, फळं, सगळं बॉनेटसमोर मांडून दहा माणसं जमवून प्रार्थना केली. मोटारीसाठी मलिदा केलेला मी त्याआधी पाहिला नव्हता आणि नंतरही नाही.

गाडीबरोबर तिचं माहितीपुस्तक मिळालं होतं, पण जर्मन वाचणार कोण? शेजारच्या जिन्यात बर्लिनहून जीव वाचवून आलेले एक म्हातारे औषधवाले राहत. ते वाचून हिब्रूत सांगत, काका मराठीत लिहून घेत. दर मंगळवारी दुपारी, खिडक्यांवरच्या शटरच्या पट्ट्या पुऱ्या खाली ओढून. काकांनी कितीदा बोलावलं, पण औषधवाले शेडकडे कधी फिरकले नाहीत. शेवटचं पान झाल्यावर त्यांनी पुस्तक दोन बोटांनी काकांकडे सरकवलं आणि म्हणाले, "फार नीट लिहिलंय. ते लोक सगळंच नीट लिहून ठेवत." काका खूश. "ऐकलंस ना? डिसिप्लिन म्हणतात ती ही." मी औषधवाल्यांकडे पाहत होते. ते मोरीत जाऊन बराच वेळ हात धूत राहिले.

असंच रंगाचं. कोंबड्यांची घाण खरवडल्यावर खाली मूळचा सायीसारखा रंग निघाला होता. पण राजेसाहेबांची काळी होती, म्हणून हीही काळी. रंगारी रुमानियाचा. तो गाडीभोवती एकदा फिरला आणि म्हणाला, "हिरवी करतो, लाल करतो, काळी नाही करणार." काकांच्या मते त्याच्याकडचा काळा रंग संपला होता. मग त्यांनी स्वतःच रंगवली, अकरा हात देऊन, प्रत्येक हात घासून. तिच्यात तोंड दिसे.

चाचणीसाठी ती आमच्या इमारतीजवळून नेली की तिसऱ्या मजल्यावरच्या बाई खडखडत खिडकीच्या पट्ट्या पाडत. "आवाज होतोय त्यांना," काका म्हणाले, आणि तीन आठवडे सायलेन्सरवर घालवले. नंतर गाडी इतकी बिनआवाज चालू लागली की कोपऱ्यावरून वळेपर्यंत कळत नसे. तरी पट्ट्या पडतच राहिल्या. काका बुचकळ्यात पडले. "आता तर मांजरीसारखी चालते. ह्या बाईंना ऐकू तरी काय येतं?"

याच सुमारास माझं लग्न ठरलं. गिदोन माझ्याच हॉस्पिटलात लॅबोरेटरीत होता, मी नर्स. त्याची आई गेनिया पोलंडची, चणीने लहान, शिवणकाम करणारी, मोजकं बोलणारी. गिदोनने मला एवढंच सांगितलं होतं, "लढाईत घरच्यांपैकी आई तिकडून एकटी वाचली. तिला विचारू नकोस." मी विचारलं नाही. ती मला जीव लावी. भारतीय सून कशाला म्हणणाऱ्या नातेवाइकांना तिने एकदाच, पण असं उत्तर दिलं की पुन्हा कोणी तोंड उघडलं नाही. मला तिची माया हवी होती, फार हवी होती.

साखरपुड्याला गिदोनच्या एका मावशीने हसत हसत काकांना विचारलं, "तुमच्याकडे लग्नाला नवरी हत्तीवरून येते ना?" काकाही हसले. घरी आल्यावर मात्र जेवले नाहीत. "हत्ती म्हणे. आता दाखवतो विहीणबाईंच्या लोकांना, आमची पोर लग्नाला कशी येते ती." आणि मला बजावलं, "गिदोनला बोलायचं नाय हां. सरप्राइज."

लग्नाला आठवडा असताना औषधवाल्यांनी मला त्यांच्या जिन्यापाशी थांबवलं. "तुझ्या सासूने ती गाडी पाहिलीय?"

"नाही. सरप्राइज आहे."

"मुली," ते म्हणाले, "तुझ्या सासूच्या वाट्याला सरप्राइज पुष्कळ आली आहेत."

ते वर गेले. मला कळलं होतं. अगदी सगळं नसेल, पण पुरेसं कळलं होतं. मी काकांना म्हटलं, "काका, आपण टॅक्सी करू या का? ही गाडी जर्मनांची आहे ना." काकांनी माझ्याकडे असं पाहिलं जणू मी त्यांच्या चार वर्षांवर पाणी ओतते आहे. "गाडीला काय ठाऊक गो, तिच्यात कोण बसलं होतं? लोखंड ते लोखंड." मी वाद घातला नाही. खरं सांगायचं तर मला वाद घालायचाच नव्हता. मी चोवीस वर्षांची होते, मेंदी चार दिवसांवर आली होती, आणि मला त्या गाडीतून उतरायचं होतं.

संध्याकाळ व्हायला आली होती. हॉलच्या फाटकाशी गिदोनची माणसं ओळीने उभी होती, आमचे मुंबईवाले हार घेऊन. काकांनी ट्रंकेतून राजेसाहेबांकडचा पोशाख काढला होता: राखाडी लांब कोट, पितळी बटणं, पुढे छज्जा असलेली टोपी, गुडघ्यापर्यंतचे चकचकीत बूट. आमच्या रीतीप्रमाणे पांढऱ्या साडीत मी मागे बसले होते. आवाज न करता आम्ही कोपऱ्यावरून वळलो. काकांनी दोन्ही मोठे दिवे लावले आणि गाडी नेमकी गेनियासमोर आणून थांबवली.

तिने पर्स जमिनीवर ठेवली. मनगटावरचं घड्याळ काढून पर्सवर ठेवलं. कानातली एक कुडी काढली, मग दुसरी, मग अंगठी. सगळं नीट ओळीत मांडलं. मग दोन पावलं मागे सरून ती हॉलच्या भिंतीशी उभी राहिली, हात अंगाला चिकटवून, नजर खाली.

काका उतरले होते. ते चक्रावून माझ्याकडे वळले. "अगो, विहीणबाई दागिने का देतायत?" काकांना वाटलं, ही त्यांच्याकडची रीत असणार, नवरीकडच्यांना मान देण्याची. ते वाकले, कुड्या उचलल्या, आणि टोपी-बूट-कोटासकट तिच्यासमोर जाऊन, दोन्ही हात पुढे करून, आपल्या तोडक्यामोडक्या हिब्रूत म्हणाले, "नको. आम्हाला काही नको. आम्हाला फक्त तुम्ही हव्या."

ते वाक्य मी काकांच्या तोंडून ऐकलं, आणि तिच्या चेहऱ्यावर ते काय होऊन पोचलं तेही पाहिलं.

गिदोन धावत आला. त्याने आईला मिठीत घेऊन तिचं तोंड गाडीपासून वळवलं. नंतर काकांना बाजूला नेऊन म्हणाला, "काका, मला एवढंच माहीत आहे. तिच्या गावच्या चौकात अशी काळी गाडी यायची. ती आली की सगळ्यांनी अंगावरचं काढून ठेवायचं आणि भिंतीशी उभं राहायचं. मग गाडीतला माणूस बोट दाखवायचा." काकांनी टोपी काढली. ती कुठे ठेवावी हे त्यांना कळेना, हातातच धरून ते रस्त्याच्या कडेला बसले.

लग्न तासाभराने लागलं. गेनिया खुप्प्याखाली, लग्नाच्या छताखाली, उभी राहिली, मला तिने जवळ घेतलं. पाहुण्यांसमोर तिने टाळ्याही वाजवल्या. त्या दिवसाबद्दल ती पुढे एक अक्षर बोलली नाही, आणि मला ती बोलली असती तर बरं झालं असतं.

काकांनी गाडी पुन्हा रस्त्यावर आणली नाही. तिला फोडायला त्यांचं मन झालं नाही, म्हणून ती त्यांनी खोलली. जशी जोडली होती तशीच, उलट क्रमाने, दोन वर्षं लावून. प्रत्येक भाग तेल लावून खोक्यात गेला. परदेशातून एक शौकीन शोधत आला, तर काकांनी त्याला सांगितलं, अशी गाडी इथे नव्हतीच. बोलणं कमी झालं. आमच्याकडे यायचे ते गेनिया नसेल तेव्हाच, दारात चप्पल न काढता. मी कितीदा म्हटलं, काका, ती रागावलेली नाही. "मला ठाऊक आहे," ते म्हणत. "रागावली असती तर मी जाऊन पाय धरले असते."

ऐंशी सालानंतर त्यांचं हृदय थकलं आणि ते माझ्याच वॉर्डात आले. शेवटी शेवटी त्यांची हिब्रू गळून गेली, नुसती मराठी उरली. एका दुपारी गेनिया आली, मला न सांगता, बसने, हातात सुरकुतलेली दोन संत्री घेऊन. ती खुर्ची ओढून बसली. काकांनी तिला ओळखलं आणि उठायचा प्रयत्न केला.

"विहीणबाई, माझं चुकलं," ते म्हणाले. "मला ठाऊक नव्हतं हो. आमच्याकडे कोणी आलंच नव्हतं असं."

"काय म्हणतात?" तिने मला विचारलं. मी सांगितलं.

गेनियाने एक संत्रं त्यांच्या हातात ठेवलं. मग म्हणाली, "त्यांना सांग, गाडी फार सुंदर होती. तेव्हासुद्धा मला ती सुंदरच वाटली होती. माझी बहीण माझ्या शेजारी उभी होती, आणि मी गाडीकडे बघत होते. बोट कुठे वळलं ते मला दिसलंच नाही."

काका माझ्या तोंडाकडे पाहत होते. मी त्यांच्या कानाशी वाकले आणि म्हणाले, "त्या म्हणतात, गाडी फार सुंदर होती."

त्यांचा सगळा चेहरा सैल झाला. किती वर्षांनी ते हसले. "खरंच म्हणाल्या?" मी मान हलवली. ते डोळे मिटून पडून राहिले, आणि तिसऱ्या दिवशी गेले.

त्या दुपारी निघताना गेनियाने मला वॉर्डाच्या दारात विचारलं होतं, "सगळं सांगितलंस ना त्यांना?"

मी म्हटलं, "हो, सगळं सांगितलं."